धुळे जेलचे अठरा रविवार

डिसेंबर आला की आपल्या मोबाइलवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे १६ तारखेचा विजय दिवस. १९७१ साली ढाक्यात पाकिस्तानच्या सुमारे ९३ हजार जणांनी शरणागती पत्करली, तो दिवस. सकाळपासून स्टेटसवर तिरंगा, रणगाडे आणि गाणी. दुसरी म्हणजे गीता जयंती, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी. फॅमिली ग्रुपवर रथ, घोडे, कृष्ण-अर्जुन, आणि खाली कुठल्यातरी काकांचं गुड मॉर्निंग. नीट बघा, दोन्ही दिवस लढाईचेच आहेत. एक लढाई संपली त्याचा, आणि एक सुरू व्हायच्या आधी रथात जे बोलणं झालं त्याचा.

मला हे आपणहून सुचलेलं नाही. माझी एक मैत्रीण आहे, धुळ्याजवळच्या खेड्यातली. तिचा मोठा भाऊ फौजेत आहे. सेकंड इयरला असताना आमच्याकडे विजय दिवसाचा कार्यक्रम झाला. भाषणं, घोषणा, फटाके, सगळं. कार्यक्रम संपल्यावर आम्ही सगळे स्टेटस टाकत होतो आणि ही गप्प. विचारलं तर म्हणाली की तिची आई या दिवशी टीव्ही लावत नाही आणि मोबाइलही बघत नाही. मुलाचा वर्दीतला फोटो बाहेरच्या खोलीत सगळ्यांना दिसेल असा लावलाय, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवते. पण ती गाणी आणि ते धडाम-धुडूम तिला ऐकवत नाही. मग मैत्रिणीने मला एक प्रश्न विचारला. लढाई नको असं वाटणं म्हणजे लढणाऱ्याचा अपमान आहे का?

मला उत्तर देता आलं नाही. या पानासाठी धुळे-जळगावशी नातं असलेल्या एका माणसाबद्दल लिहायचं ठरलं, तेव्हा मी विनोबा भावे निवडले ते त्या प्रश्नासाठी. तुम्हाला विनोबा म्हणजे भूदान, दोन मार्कांचा प्रश्न, एवढंच माहीत असेल. मलाही तेवढंच माहीत होतं.

परीक्षेला निघालेला मुलगा

विनायक नरहरी भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, रायगड जिल्ह्यातलं गागोदे. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला, म्हणून शिक्षण तिकडे. गणितात हुशार, वाचन अफाट, आणि स्वभाव असा की डोक्यात एखादी गोष्ट बसली की बसली. आई रुक्मिणीबाई त्याला विन्या म्हणायची. एकदा तो चुलीपाशी आला आणि आईच्या डोळ्यांदेखत आपली सर्टिफिकिटं जाळून टाकली. आज आपण मार्कशीट लॅमिनेट करून ठेवतो, म्हणून सांगितलं.

२५ मार्च १९१६ ला तो इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला. सुरतला उतरला, दुसरी गाडी धरली आणि काशीला गेला. परीक्षा राहिली ती राहिलीच. तेव्हा त्याचं वय वीस, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचं आहे तेवढंच. त्याच्या मनात दोन ओढी होत्या. एक बंगालची, म्हणजे बाँब आणि पिस्तुलं घेऊन इंग्रजांशी लढणाऱ्या क्रांतिकारकांची. दुसरी हिमालयाची, म्हणजे सगळं सोडून शांती शोधण्याची. लक्षात घ्या, ज्याला आपण अहिंसेचा माणूस म्हणतो, त्यालाही या वयात लढाईचं आकर्षण होतं.

काशीत त्याला गांधी नावाच्या माणसाच्या भाषणाबद्दल कळलं. पत्र लिहिलं, उत्तर आलं, आणि ७ जून १९१६ ला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघं भेटले. पुढे विनोबा सांगत राहिले की बंगालची क्रांती आणि हिमालयाची शांती, दोन्ही मला इथे एकाच जागी मिळाली. विनायकाचा विनोबा झाला तोही आश्रमातच.

आईची मागणी

१९१८ साली पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. दहा लाखांहून जास्त हिंदी सैनिक दूरदेशी जाऊन लढले होते. त्या वर्षी फौजी जहाजांबरोबर इन्फ्लुएन्झा मुंबईत उतरला आणि तिथून रेल्वेने देशभर पसरला. विनोबांचं बडोद्याचं घरही त्यातून सुटलं नाही. आई गेली ती तारीख होती २४ ऑक्टोबर १९१८. धाकटा भाऊ दत्तूही त्याच साथीत गेला. युद्धबंदी झाली ११ नोव्हेंबरला, म्हणजे आई गेल्यानंतर बरोबर अठरा दिवसांनी.

युरोपात ११ नोव्हेंबर आजही पाळतात. कोटावर लाल पॉपीचं फूल लावतात, दोन मिनिटं शांत उभे राहतात. पण युद्धामुळे पसरलेल्या रोगाने घरच्या अंथरुणावर गेलेली बडोद्याची बाई कुठल्या स्मारकावर असते? युद्धात मेलेल्यांचा आकडा काढताना आपण फक्त वर्दीतले मोजतो.

आईच्या अंत्यविधीला भटजी नको, मी स्वतः मंत्र म्हणतो, असा विनोबांचा आग्रह होता. वडिलांना ते पटलं नाही. मग विनोबा स्मशानात गेलेच नाहीत. हट्टी होते, हे खरं.

त्याच आईची एक मागणी राहिली होती. गीतेची प्रवचनं ऐकून ती म्हणायची की संस्कृत काही कळत नाही, मराठीत आणून दे. विनोबांनी वामन पंडितांचा अनुवाद आणून दिला. तोही जड वाटल्यावर ती म्हणाली, मग तूच का करत नाहीस? आई जाऊन बारा वर्षं झाल्यावर, ऑक्टोबर १९३० मध्ये, विनोबा वर्ध्यात लिहायला बसले आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये पुस्तक पूर्ण झालं. तीच गीताई. गीता अधिक आई.

तुरुंगात लढाईचं पुस्तक

आता आपल्याकडे येऊ. १९३२ च्या जानेवारीत गांधीजींना अटक झाली, सविनय कायदेभंग पुन्हा पेटला आणि जेल भरायला लागले. विनोबांची रवानगी धुळ्याच्या जेलमध्ये झाली. तिथे जमनालाल बजाज होते आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली मास्तरकी सोडून चळवळीत आलेले साने गुरुजीही होते. विनोबा ३६ वर्षांचे, गुरुजी ३२.

कैद्यांनी आग्रह केला की गीतेवर बोला. ठरलं. दर रविवारी एक अध्याय. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२, शेवटचं १९ जून. अठरा अध्याय, अठरा रविवार, एकही चुकला नाही. बाहेर खान्देशचा मार्च, एप्रिल, मे. धुळ्याचा मे महिना काय असतो ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

रेकॉर्डर नव्हता. साने गुरुजी समोर बसून भराभर लिहून घेत होते. तुम्ही लेक्चरला नोट्स घेता ना, तसंच. फक्त या नोट्स घेणाऱ्याने जवळजवळ शब्द न शब्द धरला. त्याचंच पुस्तक झालं, गीता प्रवचने. भारतातल्या बहुतेक मोठ्या भाषांत ते गेलं. श्यामची आई लिहिणारा हात आणि गीता प्रवचने उतरवणारा हात एकच, आणि त्यातलं दुसरं काम आपल्या धुळ्यात झालं.

पण मुद्दा वेगळा आहे. इथे एक अहिंसावादी माणूस बसलाय, समोर सत्याग्रही कैदी बसलेत, आणि पुस्तक घेतलंय ते रणांगणावरचं. ज्यात अर्जुन म्हणतो की मी लढणार नाही, आणि कृष्ण त्याला लढायला उभा करतो. तुम्ही विनोबांच्या जागी असता तर काय केलं असतं? मी असते तर अर्जुनाची बाजू घेतली असती. बघा, अर्जुन कसा शांततावादी होता, असं म्हणून मोकळी झाले असते.

विनोबांनी ते केलं नाही. पहिल्याच प्रवचनात त्यांनी अर्जुनाला उघडं पाडलं. ते म्हणतात की अर्जुन काही अहिंसेला पोचलेला नव्हता. आयुष्यभर त्याने लढायाच केल्या, तेव्हा त्याला हिंसेचं काही वाटलं नाही. आज समोर आजोबा, गुरू, भाऊ दिसले म्हणून त्याला युद्धाचे दोष दिसायला लागले. आणि ते एक गोष्ट सांगतात. एक न्यायाधीश होता. शेकडो गुन्हेगारांना त्याने फाशी दिली होती. एके दिवशी त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपात समोर उभा राहिला. गुन्हा सिद्ध झाला. तेव्हा न्यायाधीश सांगू लागला की फाशी ही फार अमानुष शिक्षा आहे, तिने माणूस सुधारत नाही, ती रद्द व्हायला हवी. तो जे बोलत होता ते कदाचित बरोबरही असेल. पण ते त्याच्या तोंडी आलं मुलाच्या मायेपोटी. विनोबा याला मोह म्हणतात.

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. मैत्रिणीच्या आईची बाजू घ्यायला मी विनोबा उघडले होते आणि विनोबांनीच मला अडवलं. तिला ती गाणी ऐकवत नाहीत ती आपला मुलगा तिकडे आहे म्हणूनच ना? मग तोही मोहच झाला की.

पण थांबा, ही गोष्ट दुसऱ्या बाजूनेही लागते. माझ्या घरातलं कुणी जाणार असेल तरच मला लढाई वाईट दिसते, हा मोह असेल, तर दुसऱ्याच्या घरातला जाणार आहे म्हणून मला लढाई चांगली दिसते, हे काय आहे? जळगावात कॉफी पिता पिता आपण जे स्टेटस टाकतो ते कशाच्या जोरावर? हा दुसरा अर्धा भाग विनोबांचा नाही, माझा आहे. पण त्यांच्याच गोष्टीतून निघालाय.

एकटाच उभा राहिलेला

विनोबांची स्वतःची परीक्षा आली आठ वर्षांनी. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने परस्पर जाहीर केलं की हिंदुस्थान युद्धात उतरला आहे. कुणाला विचारलं नाही. असं होऊ शकतं याचा इशारा काँग्रेसने आधीच दिला होता, आणि तो दिला होता जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला, डिसेंबर १९३६ च्या अधिवेशनात. खेड्यात भरलेलं ते काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव राबले होते.

काँग्रेसच्या बहुतेक नेत्यांचा विरोध या एका युद्धाला होता. स्वातंत्र्य द्या, मग बघू, असा. नेहरूंना हिटलरचा तिटकारा होता, त्यामुळे त्यांची घालमेल वेगळीच. गांधीजींना मात्र असा माणूस हवा होता ज्याचा विरोध कुठल्याही युद्धाला असेल, आपल्या बाजूचं असलं तरी. त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह काढला. गर्दी नाही, मोर्चा नाही. एकेका माणसाने आधी सरकारला कळवायचं, मग गावात उभं राहून सांगायचं की या युद्धाला माणूस किंवा पैसा देऊ नका. पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनी विनोबांचं नाव जाहीर केलं. दुसरे नेहरू. देशात अनेकांना प्रश्न पडला की हे विनोबा कोण? गांधीजींना लेख लिहून त्यांची ओळख करून द्यावी लागली.

१७ ऑक्टोबर १९४० ला वर्ध्याजवळच्या पवनारमध्ये विनोबा बोलले. चार दिवस गावोगाव बोलत राहिले, २१ तारखेला अटक झाली. तीन महिन्यांची शिक्षा. सुटले, पुन्हा बोलले, पुन्हा आत. त्यांच्यामागून देशभरात २० हजारांहून जास्त लोक याच कारणासाठी जेलमध्ये गेले. न्यायाधीशाची गोष्ट सांगणं सोपं होतं. आपलं कुणी समोर उभं नसताना, कुणीच तसं बोलत नसताना बोलणं अवघड. ते त्यांनी केलं.

चालत राहिलेला माणूस

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. १८ एप्रिल १९५१, तेलंगणातलं पोचमपल्ली. जमिनीवरून तिथे रक्त सांडत होतं. गावातल्या दलित कुटुंबांनी ८० एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं आणि विनोबा सुमारे तेरा वर्षं देशभर पायी फिरले. जमीन ४० लाख एकरांहून जास्त मिळाली. त्यातली बरीच नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही लिहायला हवं.

१९५७ मध्ये केरळात त्यांनी शांती सेना उभी केली. नाव सेना, शिस्त सेनेची, हातात काही नाही. दंगल होते तिथे मध्ये जाऊन उभं राहायचं. त्याच वर्षी त्यांनी जय जगत ही घोषणा दिली. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी निघाले, तेव्हा विनोबांनी त्यांना सल्ला दिला की खिशात पैसे ठेवू नका. ते दोघं मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनला पोचले. बॅकपॅकिंगचा प्लॅन करताना हे एकदा आठवा.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विनोबा पूर्व पाकिस्तानातून चालत गेले आणि तिथल्या लोकांनीही त्यांना जमीन दिली. आणि त्यानंतर महिनाभरात चीनने हल्ला केला. आता काय? विनोबांनी चीनला आक्रमक म्हटलं. भारतीय जवानांनी शस्त्रं खाली ठेवावीत असं ते म्हणाले नाहीत. जगभरातल्या अनेक शांततावाद्यांना हे आवडलं नाही, इथल्या कार्यकर्त्यांतही वाद झाले. १९४० चा विनोबा कुठे गेला, असं तुम्हीही विचारू शकता. मला वाटतं, ज्या देशाने अहिंसेची तयारीच केलेली नाही, त्याला ऐन हल्ल्याच्या वेळी शस्त्रं टाकायला सांगणं त्यांना खोटं वाटलं असावं. तुम्हाला वेगळं वाटलं तर वाटू द्या. आणीबाणीतली त्यांची भूमिकाही अनेकांना कधीच पटली नाही. या माणसाच्या पाया पडायचं नसतं, याच्याशी भांडायचं असतं.

१५ नोव्हेंबर १९८२. अन्न, पाणी, औषध सगळं थांबवून विनोबांनी पवनारला देह सोडला. त्या दिवशी दिवाळी होती. पुढच्या वर्षी मरणोत्तर भारतरत्न.

मग १६ डिसेंबरचं काय करायचं?

ब्रिटनमध्ये १९३३ साली सहकारी चळवळीतल्या बायकांनी ११ नोव्हेंबरला लाल पॉपीऐवजी पांढरी पॉपी लावायला सुरुवात केली. त्यातल्या कित्येकींचे नवरे, भाऊ, मुलगे युद्धात गेलेले. दिवस पाळू नका असं त्यांनी म्हटलं नाही. दिवस पाळा, सगळ्या बाजूच्या मेलेल्यांना आठवा आणि पुन्हा हे होऊ नये म्हणून आठवा, एवढंच. त्यासाठी त्यांनी शिव्याही खाल्ल्या.

आपल्याकडे दसरा बघा. पावसाळा संपला की फौजा मोहिमेवर निघायच्या, ते सीमोल्लंघन. लढाईला निघण्याचाच मुहूर्त. आज त्या दिवशी आपण काय करतो? आपट्याचं पान देतो, सोनं घ्या म्हणतो, मोठ्यांच्या पाया पडतो आणि वर्षभर ज्याच्याशी बोललो नाही त्यालाही घरी जाऊन पान देतो. दिवस तोच राहिला, त्यात आपण काय भरलं ते बदललं. कुणी आंदोलन केलं नाही, कायदा केला नाही.

मग विजय दिवसात काय भरायचं, हे आपल्याच हातात आहे ना? आपल्या तालुक्यातून गेलेल्यांची नावं वाचता येतील. नुसती घोषणा नाही, नावं, गाव, वय. कितीतरी जणांचं वय आपल्याएवढं निघेल. त्यांच्या घरी जाऊन बसता येईल. दोन मिनिटं खरोखर गप्प राहता येईल. आमच्या कार्यक्रमात मौनाला मिनिटही मिळालं नव्हतं, डीजेची वायर लावायची घाई होती.

गेल्या महिन्यात जळगावहून एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेले. मैत्रिणीकडे उतरले होते. तिला न्यायाधीशाची गोष्ट सांगितली आणि भीतभीतच म्हटलं की तुझ्या आईचंही तसंच असेल कदाचित. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, एकदा टीव्हीवर सांगत होते की पलीकडचे इतके मारले. गल्लीत पोरांनी फटाके लावले. आईने टीव्ही बंद केला आणि विचारलं की त्यांच्या घरी आता कोण सांगायला गेलं असेल?

मग ती आई न्यायाधीशासारखी नाही. तिला आपला मुलगा दिसतो आणि पलीकडचाही दिसतो. तिने गीता प्रवचने वाचलेलं नाही. मैत्रिणीच्या प्रश्नाचं माझं उत्तर आता एवढं आहे: नाही, लढाई नको असं वाटणं हा लढणाऱ्याचा अपमान नाही. पण ते फक्त आपल्या माणसापुरतं वाटत असेल, तर अजून थोडं पुढे जायला हवं.

तिच्या घरातून निघताना त्या फोटोतल्या भावाला बघून मी नकळत हात जोडले. आई म्हणाली की सुट्टीत येणार आहे, तेव्हा ये जेवायला, कळण्याची भाकरी करते. जाणार आहे. या वेळी स्टेटस काय टाकायचं ते अजून ठरलं नाही. तुम्ही काय टाकणार आहात?